पाटीला चिंच लावू नये

मुक्काम अंथुर्णे,
कोजागिरीचा दुसरा दिवस, १९९८

ती. बिरूदाजी यांच्या पायांवर डोकं ठेवून धाकट्या मेव्हण्याचा नमस्कार. (डोकं ठेवलंय तवर माझं ऐकून घ्या. उचललं की तुमी बोलाल.)

हितं समदी सुखरूप हायेत. तुमचा गुडघा कसा हाय? तुमच्या आईचा, साखरमावशींचा, दमा थंडीत उसळतो, त्यांना आडुळसा देत जावा. आईचा खोकला थांबला. म्हैस याली, रेडी झाली. तात्यांची तब्येत उत्तम, फक्त आवाज चढलेला हाय. आन् अक्का खुशाल हाय. खुशाल म्हंजे दोन टाइम जेवती, आईला कुठल्या कामाला हात लावू देत न्हाय, आन् बोलत न्हाय. सर्वपित्री अवसेला एस्टीतनं उतरली ती आज सोळा दिवस झाले. अवसेच्या दिवशी लेक उंबऱ्यात बघून तात्यांच्या हातातला चहा हातातच ऱ्हायला. ती म्हणाली, "चार दिवस ऱ्हाते," आन् सरळ मागच्या दारी भांडी घासायला बसली.

तुमच्या घरचा मुद्दा आमाला पोचलाय. साखरमावशी म्हणत्यात, तिच्या पायानं गेली, तिच्या पायानं यावी. आमच्या तात्यांचा मुद्दा तुमालाबी पोचला असंल, कारण ते तुमच्या वरकुट्याकडं तोंड करूनच बोलत्यात. ज्यांनी माझ्या लेकीचं सोनं दगडावर घासलं, त्यांनी माझ्या उंबऱ्यावर यावं, असा त्यांचा मुद्दा हाय. दोघंबी वयानं मोठी, दोघंबी शब्दाची पक्की, आन् दोघांच्या मधी माझी बहीण दुसऱ्याच्या अंगणात सडा टाकत बसलीय. (माहेर असलं म्हणून काय झालं, सोळा दिवसांनी अंगण दुसऱ्याचंच व्हतं.) दिवाळी पंधरा दिवसांवर आली. दिवाळीला लेकी माहेराला येत्यात खऱ्या, पण यायला आधी सासरी असावं लागतं. पाडव्याला तुमाला कोण ओवाळणार, ह्याचा विचार दोन्ही घरांत कुणी केलेला दिसत न्हाय. मी केलाय. म्हणून हे पत्र.

ह्या समद्याच्या बुडाशी एक फूटभर पाटी हाय, आन् ती माझ्या हातची हाय. तवा तिची हकीकत मीच लिव्हावी हे बरं. तो प्रकार झाला त्या दिवशी तुमी जळालेली मोटार घेऊन इंदापूरला वाइंडिंगला गेला व्हता, म्हंजे तुमाला एकाच बाजूनं कळलं असणार. माझं सांगणं निःपक्षपाती हाय (माझं असलं तरी).

तर, मी बारामतीला ज्यांच्याकडं कामाला हाय त्या रतनशेठचं मूळ दुकान रबरी शिक्क्यांचं. सोसायटीचा शिक्का, दूध डेअरीचा शिक्का, मुख्याध्यापकाचा शिक्का. गेल्या पाडव्याला शेठ मुंबईच्या प्रदर्शनाला गेले आन् येताना लेझरची मशीन ठरवून आले. पेटी उघडली तवा मला वाटलं आइस्क्रीमचा फ्रीज हाय. आत उजेडाचा एक किरण असतो, तो दिसत न्हाय, पण कॉम्प्युटर सांगंल तसा पाटीवरनं फिरतो आन् अक्षर जळून खाली बसतं. पाटी म्हणाल तर राळेची. काळ्या राळेचा तक्ता, त्याच्यावर सोनेरी थर, कांद्याच्या पापुद्र्यापेक्षा पातळ. वरचा थर जाळला की खालचं काळं उघडं पडतं, तेच अक्षर. लांबून बघितलं तर पितळ. जवळून बघितलं तरी पितळ. हातात घेतलं की मातुर बिस्कीट.

मशीन आल्याच्या आठवड्यातच तात्या बघायला आले. पोरगं अमेरिकेची मशीन चालवतंय म्हणल्यावर त्यांनी नवं धोतर काढलं. शेठनं त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आन् मशीनला धूळ अजिबात चालत न्हाय हे तीनदा सांगितलं. तात्यांनी तीनदा मान हलवली. मी झाकण उघडून आतली काच दाखवली, तशी तात्यांची छाती भरून आली, त्यांनी कंबरंची पिशवी सोडली, येळकोट येळकोट केलं आन् मूठभर भंडारा मशीनच्या पोटात उधळला. (त्यांचंबी चुकलं न्हाय. आमच्या घरात आजवर जे जे नवं आलं, बैल, मोटार, टीव्ही, त्याच्यावर भंडारा पडल्याबिगर ते सुरू झालेलं न्हाय.) आतल्या पंख्यानं हळद गरागरा फिरवून त्या काचंवर नेऊन बसवली. पुण्याहून इंजिनेर यीपातुर पाच दिवस मशीन बंद. त्यानं काच पुसली आन् इंग्रजीत एक कागद लिहून दिला. शेठनं तो कागद फ्रेम करून लावला आन् माझ्याकडं बघायचं सोडलं.

पण मशीन चालायला लागली आन् दाजी, काय सांगू, तालुक्यात माणसं आदर्श व्हायला लागली. आधी आदर्श व्हणं अवघड व्हतं. पितळी पाटी म्हणल्यावर इंदापूरच्या भांडी गल्लीत लिंबाजीअप्पाकडं जावं लागायचं. म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन एकेक अक्षर ठोकतो, आन् मनाला पटलं न्हाय तर ठोकतच न्हाय. मागं एकानं 'समाजसेवक' लिहायला सांगितलं तर अप्पा म्हणाला, आधी कुणाची सेवा केली त्या माणसाला घेऊन ये. आमच्या मशीनला असलं काय नव्हतं. नाव सांगा, बसा, चहा घ्या, आदर्श व्हऊन जावा. गणपतीच्या महिन्यात तर आमी जेवायला उठलो न्हाय. आदर्श सरपंच, आदर्श माता, ऊसरत्न, डाळिंबभूषण, उत्कृष्ट पाणीवाटप (ज्याला दिला त्याच्या पाण्यावरनं तीन भांडणं कोर्टात हायेत), सर्वोत्तम जावई. एका गावात एकाच मंडळानं एकाच दिवशी एकवीस पुरस्कार वाटले आन् टाळ्या वाजवायला खाली कुणी उरलं न्हाय, समदी स्टेजवर. कळंबचा एक गडी तर आला आन् म्हणाला, माझ्या नावचा एक काढा. मी इचारलं, कशाबद्दल? तो म्हणाला, तुमच्याकडं काय काय हाय? मी यादी दाखवली. त्यानं उडप्याच्या हाटेलात बघत्यात तशी वरनं खालपातुर वाचली आन् म्हणाला, जीवनगौरव द्या. वय बत्तीस!

मी एकदा एक पाटी घेऊन लिंबाजीअप्पाला दाखवायला गेलो. (खोटं कशाला बोलू, मिरवायलाच गेलो.) अप्पानं हातात घेतली, वरखाली केली, बोटानं टिचकी मारली. आवाज आला न्हाय. म्हणाला, "ज्याला वजन न्हाय त्याचा मान कसला रं?" मी म्हणालो, अप्पा, काळ बदलला, आता दिसण्याला मान हाय. त्यावर म्हाताऱ्यानं मला गूळ-पाणी दिलं, म्हणजे निघ असं सांगितलं.

आता तुमच्या पाटीकडं येतो. अक्षय तृतीयेला तुमच्या नव्या घराची घरभरणी व्हती. भावानं बहिणीच्या घराला काय द्यावं? तात्यांनी पातेलं सांगितलं, आईनं साडी सांगितली. मी म्हणालो, मी माझ्या कलेचं देणार. फूटभर लांब पाटी, चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर 'खंडेरायाची कृपा', खाली तुमचं नाव. चार स्क्रू मारून दाराच्या उजव्या अंगाला बसवली तवा उन्हात अशी काय झळकली की रस्त्यानं जाणारी बैलगाडी थांबली. तुमी स्वतः माझ्या पाठीवर थाप मारली व्हती, आठवतंय का? (आता आठवणार न्हाय.) त्या दिवशी अक्काच्या तोंडावर जो आनंद व्हता तो मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय. येईल त्या बाईला पाटीपाशी नेऊन म्हणत व्हती, आमच्या मल्हारनं केलीय.

पाच महिने पाटी झळकली. मग आला पितृपक्षाचा शेवट. घट बसायच्या आधी आपल्याकडं घराचं काय काय निघतं ते तुमाला मी सांगावं असं न्हाय. वाकळा कॅनॉलवर, डबे अंगणात, देवाचे टाक, समया, तांब्या, घंगाळ, जे जे पिवळं ते ते चिंचंत. चिंचंचा कोळ, चुलीतली राख आन् नारळाची शेंडी. बायका एकदा घासायला बसल्या की समोर काय हाय ते बघत न्हायत. तशात तुमच्या दारावरची पाटीबी पिवळी. चारी स्क्रू काढले, पाटी उतरवली, चिंच लावली, राख टाकली आन् घासली. पहिल्या हाताला झळाळी आली म्हणं. दुसऱ्या हाताला झळाळी गेली. तिसऱ्या हाताला खंडेराया, वेलबुट्टी आन् तुमी, समदं एकदम काळं. काळ्यात काळी अक्षरं, बोटानं चाचपली तर लागत्यात, डोळ्याला दिसत न्हायत. शेजारच्या सिंधुबाई तवा नेमक्या विरजण मागायला आल्या. (असल्या येळी बाईला दुसरं काय मागायला सुचत न्हाय का?) त्यांनी पाटी बघितली आन् म्हणाल्या, माहेरचं पितळ असलं, तर माहेरचं सोनं कसलं असंल गं?

एवढ्या एका वाक्यानं घात केला. दुसऱ्या दिवशी साखरमावशींनी अक्काच्या डब्यातनं तिच्या लग्नातली बोरमाळ आन् पाटल्या काढल्या, पदरात बांधल्या आन् इंदापूरला सराफाकडं गेल्या. सराफानं कसोटीच्या दगडावर घासून बघितलं आन् सांगितलं, सोनं चोख हाय. मावशी घरी आल्या, दागिने परत डब्यात ठेवले आन् म्हणाल्या, "सोनं बरं हाय. तेवढं तरी." दाजी, सोनं तपासलं ह्याचं अक्काला वाईट वाटलं, पण त्यापायी तिनं घर सोडलं न्हाय. ती एस्टीत बसली ती 'तेवढं तरी' ह्या दोन शब्दांवर.

आता ह्यात एकट्या तुमच्याच घराची आब गेली असं समजू नका. घट बसायच्या आदल्या त्या चार दिवसांत निम्म्या तालुक्यातले आदर्श चिंचंनं धुऊन निघाले. घटस्थापनेच्या सकाळी मी दुकान उघडलं तर पायरीवर अकरा माणसं, प्रत्येकाच्या काखंत फडक्यात गुंडाळलेलं काळं काय तरी. सरपंच व्हते, ऊसरत्न व्हते, पाणीवाटप व्हते. आदर्श मातेनं तर स्वतःच्या हातानं स्वतःला घासलं व्हतं आन् वरनं मलाच दम देत व्हती. जीवनगौरववाला कळंबचा गडी रडकुंडीला आला, म्हणाला, बायको म्हणती, तुमचा गौरव चिंचंलाबी टिकला न्हाय. सबंध पंचक्रोशीत एकच पाटी जशीच्या तशी ऱ्हायली. ती 'स्वच्छ घर' स्पर्धेच्या पहिल्या नंबरची. त्या घरात नवरात्राचंसुद्धा काय घासत न्हायत.

रतनशेठ मातुर व्यापारी माणूस. त्यांनी एक काळी पाटी उजेडात धरली, तोंडात तंबाखू टाकली आन् म्हणाले, "वा! ह्याला ग्रॅनाइट म्हणत्यात. शहरात ह्याला जास्त मान हाय." मग मला बसवून समद्यांच्या अक्षरांत पांढरा रंग भरायला लावला. अकराच्या अकरा माणसं खूश व्हऊन गेली. सरपंच तर जाताना म्हणाले, पितळंपेक्षा हे भारदस्त वाटतंय. दाजी, ज्यांना पाट्या कशाबद्दल मिळाल्या हेच म्हाईत न्हाय, त्यांच्या पाट्यांचं समाधान दोन तासांत झालं. आन् जिनं पाच महिने ती एक पाटी रोज पदरानं पुसली, तिचं समाधान सोळा दिवसांत झालं न्हाय.

तवा माझा निर्णय असा, की ह्यात दोष कुणाचाच न्हाय. साखरमावशींचा न्हाय, अक्काचा न्हाय, माझा तर न्हायच न्हाय. दोष असंलच तर चिंचंचा. वरनं सोनेरी आन् आत दुसरंच, ह्याला फसवणूक म्हणायचं तर बोरमाळंला काय म्हणायचं? तिच्याबी मण्यांवर सोन्याचा पातळ पत्रा, आत लाख. साखरमावशींच्या गळ्यातल्याबी. पण बोरमाळंला आजपातुर कुणी चिंच-राख लावली न्हाय म्हणून तिची आब ऱ्हायली. पाटीनं तरी दुसरं काय मागितलं व्हतं? कोरडं फडकं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना गालगुच्चा, आन् साखरमावशींना नमस्कार जरा जास्त वाकून सांगावा. सिंधुबाईंना काय सांगू नये. पत्राचं उत्तर न्हाय दिलं तरी चालंल, उत्तरापेक्षा तुमी आला तर बरं.

तुमचा आज्ञाधारक मेव्हणा,
मल्हार

ता. क. – वरचं पत्र कालच्याला लिहून पाकिटात घातलं व्हतं. आज परत उघडलं. दोष कुणाचाच न्हाय असं मी वर लिव्हलंय ते कृपा करून खोडून वाचावं. घरभरणीच्या दिवशी साखरमावशींनी पाटी हातात घेतली व्हती. म्हणाल्या, हलकी लागती रं, पितळंचीच हाय न्हवं? चार पाव्हण्यांच्या म्होरं राळ म्हणायला मला लाज वाटली. मी म्हणालो, "मावशी, अस्सल पितळ हाय. पाहिजे तर चिंच लावून बघा." पाटीबरोबर कंपनीचा कागद आला व्हता, कोरड्या फडक्यानं पुसावी असा. तो मी खिशात घातला. कालपातुर कुणाला दाखवला न्हाय.

ता. क. दोन – आन् पाटी कुणी घासली तेबी मी वर गुळमुळीत लिव्हलंय, कारण काल सांजपातुर मला ते ठाव नव्हतं. काल शेंगा फोडता फोडता अक्का आपणहून बोलली. त्या दिवशी साखरमावशी पाटीला हात लावू देत नव्हत्या. म्हणाल्या, ऱ्हाऊ दे गं, हलकी हाय, नासंल. अक्का म्हणाली, माझ्या भावानं पितळ म्हणलंय, माझा भाऊ खोटं बोलत न्हाय. आन् ते दाखवायला तिनं स्वतः चिंच लावली. एवढं समदं झाल्यावर काल मला इचारती, "मल्हार, ती पितळंचीच व्हती न्हवं रं? माझ्याच हातनं चिंच जास्त झाली असंल." दाजी, मी मान हलवली, कुठल्या बाजूला ते माझं मलाच कळलं न्हाय. जेवण गेलं न्हाय. आज सकाळी ती अंगण सारवत व्हती, तितं उकिडवा बसून समदं सांगितलं, कागदबी दाखवला. तिनं तशाच हातानं माझ्या गालात वाजवली. पाची बोटं शेणाची उमटली. त्याच्यावर कसला मुलामा नव्हता, अस्सल व्हती. मग एवढ्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली, आन् रडून झाल्यावर म्हणाली, "आधी तोंड उघडलं असतंस तर माझ्या सासूला मी एवढं बोलले नसते." म्हंजे ती साखरमावशींना काय तरी बोलून आलीय, ते मला सांगत न्हाय, आन् तुमाला मावशींनी सांगितलं नसंल तर तो त्यांचा मोठेपणा. मावशींच्या पाया पडायला मी येणार हाय. त्या चिंचंच्या फोकानं मारणार असतील तरी चालंल.

ता. क. तीन – तात्यांना हे पत्र म्हाईत न्हाय. तुमी परवा यावं, फवारणीचा पंप मागायला म्हणून. तुमी उंबऱ्यापातुर आला म्हंजे तात्यांचा शब्द ऱ्हायला. अक्का उंबरा वलांडून स्वतःच्या पायानं गाडीपातुर आली म्हंजे साखरमावशींचा शब्द ऱ्हायला. पंप नादुरुस्त हाय, तो मागितला तरी नेऊ नका. तात्यांना कागद मी तुमच्या म्होरंच दाखवीन. त्यांनी हात उचलला तर तुमी मधी पडावं ही विनंती (लगेच न्हाय पडला तरी चालंल).

ता. क. चार – वरकुट्याच्या एस्टीच्या डायवरबरोबर ह्या पत्रासंगं एक पार्सल धाडतोय. नवी पाटी हाय. लिंबाजीअप्पानं छिन्नीनं ठोकलीय. पहिल्यांदा न्हायच म्हणाला, मग मी समदी हकीकत सांगितली तवा आठ दिवसांचं काम अंगावर घेतलं. आज अक्कानं ती मांडीवर घेऊन बघितली, वजनानं मांडी दुखली म्हणाली. आवाज ऐका, कानस लावा, चिंच-राख, काय लावायचं ते लावा. ह्या खेपंला दोन नावं हायेत, तुमचं आन् तिचं. फक्त पार्सलात स्क्रू न्हायत, ते हुडकत बसू नका. पहिल्या पाटीचे चारी स्क्रू तेवढे खरे पितळंचे व्हते. त्या दिवशी अक्कानं ते घासून पदराच्या गाठीत बांधले, आन् ती गाठ तिनं अजून सोडलेली न्हाय. पाटी लावायची असंल तर गाठीसकट घेऊन जावं लागंल.